मका आदल्या रात्री भिजवतात का, हे आधी विचारा

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात मी मेक्सिकोतल्या वाहाका भागाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की तिथं आता ग्रुपनं जाऊन, गावातल्या बायकांच्या चुलीपाशी बसून, स्वतःच्या हातानं तिथला जुना स्वयंपाक शिकता येतो. त्यावर लातूर, परभणी, नांदेड, सिल्लोड, अंबाजोगाई, सगळीकडून एवढी विचारणा आली की आजचा पूर्ण रकाना त्यालाच दिलाय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, आमची भिशी हाय, बारा जणींची, सगळ्या पन्नाशीच्या आसपास. एका टूरवाल्यानं प्लॅन दिलाय, दहा दिवसांत मेक्सिको सिटी, पुएब्ला, वाहाका आणि शेवटी कान्कुनचा समुद्र, मधे चार कुकिंग क्लास. पैसे लै लागूलालेत. जावं का? आणि चांगली टूर कोणती, वाईट कोणती, हे आमच्यासारखीनं ओळखावं कसं? (लातूर)

जरूर जा, पण हा प्लॅन घेऊन जाऊ नका. दहा दिवसांत चार ठिकाणं म्हणजे निम्मा वेळ विमानतळावर आणि बसमधे, अन् समुद्रच बघायचा तर त्याला स्वयंपाकाच्या टूरचं नाव कशाला पाहिजे. मेक्सिको आपल्या महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा देश आहे आणि प्रत्येक भागाचं खाणं वेगळं, युकातानकडं हाबानेरो मिरची अन् आंबट संत्र्याचा रस, उत्तरेला गव्हाच्या टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पातळ पोळ्या, पुएब्लाचा मोले, म्हणजे मिरच्यांचा वाटलेला रस्सा, वेगळा, वाहाकाचा वेगळा. सगळं थोडं थोडं चाखून येता येतं, शिकून येता येत नाही. म्हणून एकच भाग धरा. मी वाहाका सुचवते कारण तिथं आसपासच्या गावांमधे अजून मातीच्या तव्यावर, कोमाल म्हणतात त्याला, रोजचा स्वयंपाक होतो आणि झापोतेक समाजाच्या बायका पाहुण्यांना घरात घेऊन शिकवतात.

आता ओळखायचं कसं. टूरवाल्याला फक्त एवढं विचारा, की क्लासच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मका भिजवणार का? तो म्हणला "हो, पाच वाजता चुलीपाशी या" तर पुढं बोला. तो गोंधळला, किंवा "मॅडम, पीठ रेडी असतं" म्हणला, तर समजा की तुम्हाला एप्रन बांधून, कोणीतरी आधीच चिरून ठेवलेलं ढवळायला लावून, फोटो काढून परत हॉटेलवर सोडणार आहेत.

हाच प्रश्न का, तर तिथलं सगळं जेवण ह्या एका कामावर उभं आहे. वाळलेला मका खायच्या चुन्याच्या पाण्यात उकळायचा, आच बंद करून रात्रभर तसाच झाकून ठेवायचा, सकाळी धुवायचा अन् ओलाच वाटायचा. अशा मक्याला नीश्तामाल म्हणतात. टॉर्टिया त्याचीच, पानात गुंडाळून वाफवलेले तामाल त्याचेच, मेमेला म्हणजे जाड टॉर्टिया, ती पण त्याचीच, सकाळी प्यायचं गरम आतोले पण त्याचंच. पाकिटातलं तयार पीठ तिकडं पण मिळतं, शहरात भरपूर लोक तेच वापरतात अन् त्यात काही वाईट नाही, पण तुम्ही एवढ्या लांब, एवढे पैसे भरून जाणार ते पाकीट फोडायला शिकायला जाणार का?

चांगल्या ठिकाणी काय होतं ते सांगते, म्हणजे तुमच्या टूरवाल्याच्या कागदाशी ताडून बघता येईल. संध्याकाळी घरची बाई मका निवडते, पाण्यात चुना कालवते, चुलीवर ठेवते. घड्याळ कोणी बघत नाही, थोड्या थोड्या वेळानं एक दाणा बाहेर काढून अंगठा अन् बोटात चोळतात, वरचं पातळ साल निसटून आलं की भांडं उतरवायचं. तोवर पाणी पिवळंधमक झालेलं असतं आणि नुकताच चुना दिलेल्या भिंतीवर पहिला पाऊस पडल्यावर येतो तसा वास घरभर सुटतो. सकाळी तो मका दोन-तीन पाण्यानं धुतात, साल चोळून काढतात, मग मेतातेवर. मेताते म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा, तीन पायांचा, पुढं उतरता पाटा. त्याच्यामागं गुडघे टेकून बसायचं अन् दोन्ही हातांत दगडी लाटणं धरून खाली ढकलत न्यायचं. आपण पाट्यावर वाटतो ते बरंचसं मनगटानं, तिथं मनगटानं वाटायला गेलात तर दहा मिनिटांत हात गळतात, जोर कंबरेतून अन् खांद्यातून यावा लागतो. हे पुस्तकात वाचून अजिबात कळत नाही, शेजारी बसलेली बाई तुमच्या पाठीवर हात ठेवून ढकलते तेव्हा कळतं.

रोज सगळा मका कोणी हातानं वाटत नाही हो, तसं काही मनात धरू नका. गावात गिरणी असते, सकाळी बायका नीश्तामालच्या बादल्या घेऊन तिथं जातात, आणि घरी आणून मेतातेवर फक्त एक शेवटचा हात फिरवतात म्हणजे पीठ मऊ होतं. ती गिरणीची फेरी पण टूरमधे असावी असं मी म्हणेन, कारण खरं गाव तिथंच भेटतं.

मग तवा. कोमाल मातीचा असल्यानं त्याला आधी चुन्याच्या पाण्याचा हात देतात, म्हणजे टॉर्टिया चिकटत नाही. आणि इथं तुम्हा भाकरीवाल्या बायांचा नंबर लागतो, मी सांगते, इतर देशांच्या लोकांना गोल आकार जमेस्तोवर दुपार होते, आपल्या बायांचा हात आधीच शिकलेला असतो. फक्त टॉर्टिया तळहाताच्या मापाची अन् पातळ, आणि भाकरीवर पाणी फिरवायची सवय आहे ती तिथं सोडावी लागते. एक बाजू जराशी सुटली की उलटायची, दुसरी नीट भाजायची, परत उलटली की टम्म फुगते. दाबायचं यंत्र पण असतं, पण हातानं थापायचा हट्ट धरा.

अजून काही विचारून घ्या. एका घरात किती जणी बसवणार, कारण दहा-बाराच्या वर झाल्या की निम्म्या उभ्या राहून नुसत्या बघतात. शिकवणारी बाई त्या घरचीच आहे का. आणि तिला प्रत्येक पाहुण्यामागं किती पैसे मिळतात, हे तर सगळ्यात आधी. काही टूरवाले ह्यावर नाराज होतात, होऊ द्यात. २०१० मधे युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला, मिचोआकान प्रांताचं उदाहरण पुढं ठेवून, आणि त्यात नुसते पदार्थ मोजले नाहीत, मका-घेवडा-भोपळा एकाच रानात लावायची मिल्पा शेती, नीश्तामाल, मेताते आणि हे सगळं गावानं मिळून करणं, ते सगळं धरलं. तो मान ज्यांच्या हातांमुळं मिळाला त्या बायांच्या हातात पैसा पडत नसेल तर आपण तिथं जाऊन त्यांच्या चुलीचा नुसता उपयोग करून घेतला असं होतं, आणि मला ते चालत नाही, तुम्हाला पण चालू नये.

रविवार वाहाकात येईल असं बघा. जवळच्या त्लाकोलुला गावचा आठवडी बाजार रविवारी भरतो, मिरच्यांचे ढीग, चुन्याचे खडे, मेताते, सगळं एका जागी. बाजार करून मग स्वयंपाक, ह्याच क्रमानं शिकवणारा ग्रुप मिळाला तर सोडू नका.

मी निवृत्त शिक्षक, माळकरी आहे, कांदा-लसूण चालतं पण मांस-मच्छी-अंडं नाही. सौभाग्यवतीची फार इच्छा आहे. मला तिथं उपाशी राहावं लागेल का? आणि एकादशीचं काय? (परभणी)

गुरुजी, उपाशी राहणार नाही, पण सावध राहावं लागेल, आणि जे धोके आहेत ते ताटात दिसत नाहीत म्हणून नीट सांगते. मांस दिसतं, बाजूला करता येतं. डुकराची चरबी दिसत नाही. तिला मान्तेका म्हणतात आणि तामालच्या पिठात ती मळलेली असते, घोटलेल्या घेवड्यात असते, अगदी आतलं सारण भाजीचं असलं तरी. वाहाकात मेमेलावर अन् त्लायुदा नावाच्या मोठ्या टॉर्टियावर असिएंतो नावाचा थर लावतात, तो पण त्या चरबीचाच. भात अन् सूप बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं. आणि चापुलिनेस म्हणजे भाजलेले नाकतोडे, लिंबू-लसूण-मीठ लावून, ते बाजारात टोपल्यांनी असतात आणि कधी कधी चटणीत, मिठात वाटलेलं पण काहीबाही असतं.

म्हणून "मी शाकाहारी" एवढं सांगून भागत नाही. सोय वेहेतारियानो, हे झालं तुमचं, सौभाग्यवतींनी वेहेतारियाना म्हणायचं. त्याच्यापुढं लगेच सिन मान्तेका, सिन असिएंतो, सिन काल्दो दे पोयो, म्हणजे चरबी नको, तो थर नको, कोंबडीचं पाणी नको. एका कागदावर लिहून खिशात ठेवा. चीज खाताना जनावराच्या पोटातलं विरजण वापरलंय का हा प्रश्न उरतो, तुम्ही माळकरी आहात म्हणून सांगते, चीज सोडलेलंच बरं.

पण ह्यात एक फार चांगली बाजू आहे. हॉटेलात तुम्ही दुसऱ्यानं केलेलं खाता, ह्या टूरमधे तुम्ही स्वतः करता. पीठ तुमच्यासमोर मळलं जातं, चरबीच्या जागी तेल घाला म्हणता येतं, मोले भाजीच्या पाण्यात सोडा म्हणता येतं. बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा, तिथं पोचल्यावर सांगितलं तर त्या बाईची धांदल होते.

आणि त्यांचं गावाकडचं रोजचं खाणं मुळात खूपसं भाजीपाल्याचंच आहे. काळा घेवडा, भोपळ्याची फुलं, भोपळ्याच्या कोवळ्या वेलांचं सूप, काटे काढून भाजलेला निवडुंग, रानातल्या पालेभाज्या. त्या पालेभाज्यांत तुम्हाला आपली घोळाची भाजी भेटेल, माठाच्या जातीतली भेटेल, चाकवताच्या नात्यातली भेटेल. पावसाळ्यात कणसावर काणी धरते, आपण ते कणीस फेकतो, ते लोक त्याची काळी भाजी करतात अन् फार आवडीनं खातात, ती नक्की खाऊन बघा. पिण्यात लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत सगळीकडं मिळतं, आणि तेहाते म्हणून मका अन् कोकोचं थंड पेय, हातानं फेस काढलेलं, त्यात मांसाचं काही नाही.

एकादशीची काळजी तर अजिबात नको. राजगिरा मूळचा तिकडचाच, त्याच्या गोड वड्या अलेग्रिया नावानं रस्त्यावर विकतात, त्यात मध किंवा गुळासारखी साखर असते. रताळी आहेत, शेंगदाणे आहेत, पपई, पेरू, केळी आहेत. घरून थोडी भगर बरोबर न्या की झालं.

आमच्याकडे मका मोप पिकतो, जातो सगळा कोंबडीखाद्याला. तुम्ही लिहिलं ते चुन्याचं काम घरी आपल्या मक्यावर करता येईल का? चुना पोटात जाऊन त्रास नाही ना होणार? (सिल्लोड तालुका)

दादा, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. सिल्लोड-भोकरदन पट्ट्यात मका अन् मिरची दोन्ही पिकते, मेक्सिकोच्या स्वयंपाकाचं निम्मं सामान तुमच्या बांधाच्या आत आहे.

करता येतं. मका पूर्ण वाळलेला, खायचा, बिनबुरशीचा घ्या. एक गोष्ट कळकळीनं सांगते, पेरणीच्या पिशवीत उरलेलं लाल-गुलाबी रंगाचं बियाणं चुकूनसुद्धा घेऊ नका, त्याला विष लावलेलं असतं. बुरशीचा वास येणारा, काळपट डागाचा दाणा पण नको, चुन्यानं तो सुधारत नाही.

एक किलो मक्याला साधारण तीन लिटर पाणी अन् दहा ग्रॅम कोरडा चुना. पानपट्टीवर मिळतो तो ओला, साधा, बिनवासाचा खायचा चुना असेल तर वजनात त्याचं पाणी पण आलं, म्हणून थोडा जास्त. भिंतीला द्यायचा चुना नाही, कळीचा चुना घरी विझवायचा उद्योग पण नाही. भांडं स्टीलचं किंवा मातीचं, अॅल्युमिनियमचं नको, चुना त्याला खातो. चुना पाण्यात कालवा, मका घाला, मंद उकळी येऊ द्या, आणि अर्ध्या तासानंतर दाणा चोळून बघायला लागा. आपला हायब्रीड मका कडक असतो, त्याला कधी तास लागतो. साल निसटायला लागलं पण दाण्याचा आतला भाग अजून दाताला लागतो, तिथं थांबायचं. झाकून रात्रभर. सकाळी ते पिवळं पाणी फेकायचं, लहान लेकरांच्या हाताला लागू द्यायचं नाही, डोळ्यात उडू द्यायचं नाही, अन् मका दोन-तीनदा चांगला धुवायचा. धुतल्यावर जो चुना उरतो तो अगदी थोडा, अन् तो अंगाला कॅल्शियम म्हणून उपयोगीच पडतो.

वाटायला पाटा सगळ्यात चांगला. पिठाच्या कोरड्या गिरणीत ओला मका टाकू नका, गिरणीवाला भांडेल. इडली-डोश्याचं ओलं वाटायचं ग्राइंडर चालतं, पाणी अगदी चमचा चमचा घालायचं. पिठाचा गोळा दाबला की कडा फाटायला नको, फाटल्या तर पाण्याचा हात द्या.

आता चुना का, तर साध्या मक्याच्या पिठाला ओढ नसते, मक्याची भाकर थापताना तुटते हे तुमच्या घरी माहीतच असेल. चुन्यानं दाण्याच्या सालातला चिकट भाग सुटतो अन् पीठ एकजीव होतं. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं पण ते असं अडकलेलं असतं की नुसता मका खाल्ला तर अंगी लागत नाही. चुन्याच्या पाण्यात ते मोकळं होतं. मका मेक्सिकोतून जगभर गेला पण चुन्याची रीत बरोबर गेली नाही, आणि मग इटलीत, अमेरिकेच्या दक्षिणेकडं, जे गरीब लोक मक्यावरच जगायचे त्यांना पेलाग्रा झाला, कातडी काळी पडून सोलायची, जुलाब, डोकं भ्रमायचं, माणसं मरायची. मेक्सिकोच्या खेड्यात तोच मका रोज खाऊन हा रोग तसा पसरला नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरीब लोकांमधे पण पेलाग्रा दिसायचा, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या दशकात त्याच्यावर काम केलंय. म्हणून ज्वारीला पण चुना लावा असं मी म्हणत नाही, भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, भाजी ताटात असली की तो प्रश्न येत नाही. पण ज्या बायांनी प्रयोगशाळा नसताना ही मक्याची रीत बसवली त्यांच्यापुढं मी तरी हात जोडते.

आमच्या नांदेडला मेक्सिकन म्हणजे नाचोज, चीज सॉस आणि राजमा. मी हॉटेल मॅनेजमेंट करतोय. मोले नावाच्या रश्श्यात चॉकलेट घालतात हे खरं आहे का? आणि तो एका क्लासमधे शिकून होतो का? (नांदेड)

चॉकलेट घालतात, पण सगळ्या मोलेत नाही आणि ज्यात घालतात त्यात थोडंसं. गोड रस्सा अशी कल्पना करून गेलास तर चुकशील. आणि नाचोज हे १९४० च्या दशकात अमेरिकेच्या सीमेलगतच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया नावाच्या माणसानं आयत्या वेळी बनवले, जुन्या स्वयंपाकाशी त्याचा तसा संबंध नाही, खायला चांगले लागतात ती गोष्ट वेगळी.

वाहाकाचे सात मोले म्हणतात, नेग्रो, रोहो, कोलोरादितो, आमारियो, वेर्दे, चिचिलो आणि मान्चामान्तेलेस. वेर्दे हिरव्या पाल्याचा, तासाभरात होतो. नेग्रो म्हणजे काळा, त्याला अख्खा दिवस पाहिजे. त्यासाठी चिल्वाक्ले नावाची, काळपट रंगाची वाळलेली मिरची लागते, ती वाहाकातच पिकते अन् महाग असते. मिरच्या पुसून, फोडून, बिया वेगळ्या काढतात, सालं तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, बिया वेगळ्या जाळतात आणि त्यांचा कडूपणा जायला पाण्यात भिजवतात. हे काम अंगणात करतात, घरात केलं तर आळीभर ठसका. मग तीळ वेगळे, बदाम वेगळे, शेंगदाणे वेगळे, मनुका वेगळ्या, केळं वेगळं तळायचं, टोमॅटो, कांदा, लसूण तव्यावर भाजायचा, आणि तोमातियो, म्हणजे रसभरीच्या जातीतलं कागदी आवरणातलं आंबट हिरवं फळ, ते पण. दालचिनी, लवंग, मिरं. घट्टपणाला शिळी टॉर्टिया किंवा पाव. सगळं वाटून आधी मिरचीचं वाटण तेलात परतायचं, तेल सुटलं की बाकीचं, मग पाणी, आणि अगदी शेवटी चॉकलेट.

तुझ्या आजीला किंवा आईला विचार, काळा मसाला करताना धने, खोबरं, तीळ, दगडफूल एकदम का भाजत नाहीत. ज्या घरात येसर, काळा मसाला अजून घरी होतो त्या पोरांना मोले लवकर समजतो असं माझं ठाम मत आहे, कारण प्रत्येक जिन्नसाला आपापली आच, ही गोष्ट त्यांना शिकवावी लागत नाही. एका क्लासमधे होतो का, तर एक मोले होतो. सात मोले एका दिवसात शिकवतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. आणि इथं आल्यावर करायचा तर मिरचीचा स्वभाव बघून बदल कर, तिकडची आन्चो मिरची गोडसर अन् कमी तिखट असते, त्या जागी आपली लवंगी घातलीस तर कोणी खाणार नाही, ब्याडगी त्यातल्या त्यात जवळची.

व्हिसा, विमान, दिवस, हवामान, थोडक्यात सांगा. (छत्रपती संभाजीनगर)

थोडक्यातच सांगते. भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, युके, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर वेगळा काढावा लागत नाही अशी सवलत आहे, पण नियम बदलत राहतात म्हणून बुकिंगच्या आधी दिल्लीच्या मेक्सिकन वकिलातीच्या साइटवर स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. आपल्याकडून जायला विमान बदलावंच लागतं, अमेरिकेतून बदलणार असाल तर नुसतं विमानतळावर उतरायला पण अमेरिकेचा व्हिसा लागतो, ह्यात लोक फार अडकतात, युरोपातून जाणारं तिकीट बघा. आपण तिथल्यापेक्षा साडेअकरा तास पुढं, त्यामुळं पहिले दोन दिवस क्लास ठेवू नका. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २२४० मीटरवर आहे, जिना चढताना धाप लागते, वाहाका शहर त्याहून खाली, साधारण १५५० मीटर. नळाचं पाणी प्यायचं नाही. पाऊस जून ते ऑक्टोबर. नोव्हेंबरच्या १ अन् २ तारखेला मृतांचा सण असतो, घराघरांत झेंडूची आरास, खास पाव, तामाल, बघण्यासारखं असतं पण गर्दी अन् भाव दोन्ही चढे, शिकायलाच जायचं तर त्यानंतरचे दिवस बरे, थंडी पण सुखाची.

येताना वाळलेल्या मिरच्या, चॉकलेट सीलबंद पॅकिंगमधे घ्या आणि विमानतळावर विचारलं तर दाखवा. मक्याचं, घेवड्याचं पेरायचं बियाणं आणू नका, कितीही रंगीत अन् देखणं असलं तरी, त्याला आधी परवाना काढावा लागतो आणि त्यामागं कारण आहे, त्याच्याबरोबर रोग येतात.

सासूबाई अडुसष्टच्या, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. त्यांना नेऊ का? (धाराशिव)

न्या की. मेतातेवर गुडघे टेकून बसायला त्यांना लावू नका, तेवढं सोडून तव्यापाशी, मिरच्या निवडायला, तामाल केळीच्या पानात किंवा मक्याच्या पाल्यात बांधायला खुर्ची किंवा पाट मिळतो. आधी कळवा. भाषा येत नाही म्हणून घाबरू नका, तिथल्या आज्यांमधे पण घरात झापोतेक बोलणाऱ्या पुष्कळ आहेत, आणि तव्यासमोर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांचं एकमेकींशी जमून जातं. सुनेनं मधे मधे करू नये एवढंच.

ताई, आम्ही बचत गटाच्या बाया. मेक्सिकोला जाणं आमच्यानं होणार नाही. पण तुमचं वाचून वाटलं, तिकडच्या बाया करतात तसं इथं आम्ही का करू नये? लोक येतील का? (अंबाजोगाई)

ह्या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. येतील, नक्की येतील, पण वाहाकाच्या बायांनी जे सांभाळलंय ते तुम्हाला पण सांभाळावं लागेल. त्यांच्या घरात पाहुण्यासाठी वेगळा, सजवलेला स्वयंपाक नसतो. त्या दिवशी घरात जे होणार तेच पाहुणा करतो, मका निवडण्यापासून. आपल्याकडं हुरडा पार्ट्या होतात, पण त्यात माणूस येतो, खातो, झोक्यावर बसतो, निघून जातो. गुळभेंडीचं कणीस कसं ओळखायचं, आगटी कशी पेटवायची, गरम कणीस हातावर चोळायचं कसं, हे कोणी त्याच्या हातानं करवून घेत नाही. तुम्ही करवून घ्या.

संध्याकाळी ज्वारी निवडून द्या, जातं असेल तर दळू द्या. भाकरी थापायला लावा, पहिल्या भाकरीचा नकाशा झाला तरी तीच त्याच्या ताटात वाढा. काळ्या मसाल्याचा एक दिवस ठेवा, येसराची आमटी, शेंगोळे, धपाटे, अंबाडीची भाजी, ठेचा, ह्यातलं रोज दोनच शिकवा, दहा नाही. एका घरी सहा-सातच माणसं घ्या. दर आधी ठरवा अन् सगळ्या घरांचा एकच ठेवा, नाहीतर गटात भांडणं होतात. मधे कोणी शहरातला माणूस "मी गिऱ्हाईक आणतो" म्हणून आला तर त्याचं कमिशन कागदावर घ्या आणि पैसे थेट गटाच्या खात्यावर येऊ द्या. घराचं पाणी, संडास-बाथरूम स्वच्छ पाहिजे, तिथं मात्र तडजोड नाही, शहरातल्या बाया सगळ्यात आधी तेच विचारतात. अन्न विकायचं म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते, लहान व्यवसायाला ती ऑनलाइन होते, पंचायत समितीत उमेद अभियानाचं काम बघणाऱ्यांना विचारा, ते मदत करतात.

पहिल्या वेळी ओळखीतल्याच चार जणी बोलवा, पैसे घ्या पण कमी घ्या, आणि जाताना त्यांना विचारा की काय कळलं नाही. हुरडा पौषात येतो, म्हणजे दिवाळीनंतर लगेच बैठक घ्यायला पाहिजे. तारीख ठरली की मला कळवा, मी ह्या रकान्यात छापते, आणि पहिल्या गटात माझं एक नाव लिहून ठेवा, पैसे भरून येणार आहे.